पुस्तकात नाही!

३ मार्च
आज पुन्हा दिग्दर्शकाशी वाजलं! दादाच्या कादंबरीवर मालिका होतेय, आणि हा बाबा शेवटच्या भागात धाकटीला माहेरी परत आणायचं म्हणतोय. म्हणे, ‘प्रेक्षकांना बरं वाटेल.’ मी ठणकावून सांगितलं — पुस्तकात नाही! लग्न होऊन धुक्यापलीकडे गेलेली राजाची बहीण परत येत नाही. धुकं गिळतं ते परत देत नाही. त्या राज्याचा कायदाच आहे तो.

दादाने मला इथे सेटवर पुस्तकाची राखण करायला उगाच नेमलेलं नाही. पुस्तक त्याच्यापेक्षा मला जास्त पाठ आहे. हस्तलिखित मीच तर टाईप केलं होतं.

५ मार्च
घोड्याचा एक कान झाकून घेतला. पुस्तकात एककानी आहे म्हणजे आहे! घोडा रुसला. सेटवर मला ‘पहारेकरीण’ म्हणतात. म्हणोत.

८ मार्च
धाकटीचं काम करणारी पोरगी चहा घेऊन शेजारी बसली. ‘मावशी, राजा बारा वर्षं दारात कंदील लावतो. ती येणारच नसेल तर लावतो कशाला?’

‘आशा असते माणसाला.’

‘पण कायदाच तसा आहे ना? मग राजालाच माहीत नसेल होय?’

घोड्याचा कान बघून येते म्हणून मी उठले. चहा तसाच निवला.

९ मार्च
पोरीचा प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

११ मार्च
लिहूनच टाकते. धाकटी परत येते. दादाने तसंच लिहिलं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी संसार मोडून मी दादाकडे आले. एक बॅग, तिचाही पट्टा तुटलेला. बसून खायला नको म्हणून त्याचं हस्तलिखित टाईप करायला घेतलं. शेवटून दुसऱ्या पानावर बघते तर धाकटी दारात! हातात बोचकं, गाठ सुटलेली. राजा काही विचारत नाही, फक्त बोचकं उचलून आत नेतो. दादानेही अगदी तेच केलं होतं.

असा संताप आला! माझी फजिती आता चारचौघांनी वाचायची? ते पान टाईपच केलं नाही. सांधा नीट बसावा म्हणून पदरचं एक वाक्य घातलं — धुकं गिळतं ते परत देत नाही. त्या वाक्यावर वाचकांनी केवढे इमले बांधले! आणि मी त्याचीच राखण करत बसलेय. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

१४ मार्च
दिग्दर्शकाला म्हटलं, आणा तिला परत. तो हबकलाच. ‘पण ताई, पुस्तकात नाही ना!’ आता त्याला लेखकाची सही हवी. म्हणजे दादाला सांगणं आलं. ऐंशीचा आहे तो. सख्ख्या बहिणीनेच पुस्तकाचा शेवट चोरला, हे त्याने आता या वयात ऐकायचं? फार भीती वाटतेय मला.

१६ मार्च
सांगितलं. दादाने चष्मा शोधला, सही केली. म्हणाला, ‘धुक्याचं वाक्य मात्र झकास होतं हं! माझंच म्हणून मिरवलं इतकी वर्षं.’

‘म्हणजे? तुला माहीत होतं?’

‘अगं, टाईप केलेलं वाचलं त्याच दिवशी कळलं होतं मला. पण तुला नको होतं ना ते पान? मग म्हटलं, राहू दे.’