पांढरा झगा

दादा,

काल दुकानात तू म्हणालास, "ही बाटली." वहिनीने पाण्याची बाटली पुढे केली आणि मला हसू आवरेना. तू मात्र इस्त्री आपटलीस.

मला कुणी बाटवलं नाही. कॅथलिक व्हायचंय म्हणून मी आपणहून गेले, तर फादर म्हणाले, "घाई नको. वर्षभर शिकवणीला या, मग बघू." फूस लावणारा माणूस असं ताटकळत ठेवतो का?

शनिवारी बाप्तिस्मा आहे. त्यासाठीचा पांढरा झगा मीच शिवलाय, पण तुझ्यासारखी इस्त्री मला जन्मात जमायची नाही. हे पत्र तू न वाचता फाडशील, म्हणून झगाच तुझ्या टेबलावर ठेवते. चुरगळलेला राहिला, तरी तोच घालणार.

बाटले तरी तुझीच,
धाकटी