मी आईवर गेलोय

५ जानेवारी. पुण्याहून परत. डॉक्टरीणबाईंनी दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, आजार समजावला. लिव्हरमधला एक जीन बिघडलेलं प्रोटीन बनवतो, ते नसांवर साचतं. आधी पाय बधिर, मग हात, शेवटी हृदय. दादा तसेच गेले. आता त्या जीनला गप्प बसवणारं इंजेक्शन आलंय. दोघा भावांनी टेस्ट करा म्हणाल्या, आणि लवकर, कारण गेलेल्या नसा परत येत नाहीत. मला काळजी नाही. पंचवीस वर्षं मेंढे निवडतोय, कोकरू कुणावर गेलंय ते कान बघून सांगतो. धाकटा मच्छिंद्र हुबेहूब दादा. मी आईवर गेलोय.

९ जानेवारी. मच्छिंद्रला एकट्यालाच पाठवलं. माझ्यावर हॉस्पिटलचा वेळ कशाला? धाकट्याला धीर द्यायचा, एवढंच माझं काम.

२२ जानेवारी. साखर सोडून तीन दिवस झाले. वजन सहा किलो कमी! डाएट लागू पडलं. उद्यापासून पहाटे पळायचं.

२३ जानेवारी. पळालो नाही. थंडी.

२ फेब्रुवारी. एका पायात चप्पल नाही, हे घरी आल्यावर बायकोनं, हिरानं, दाखवलं. हल्लीच्या चपला फारच हलक्या.

१४ फेब्रुवारी. हिरानं टाचेतून बाभळीचा काटा काढला, बोटाच्या पेराएवढा. दिवसभर त्यावर चाललो म्हणे. आम्हा धनगरांची कातडी जाडच. ती म्हणाली, "मामंजींचं बी आसंच व्हतं." मग जेवलीच नाही. उगाच घाबरते.

१ मार्च. मच्छिंद्रचा रिपोर्ट आला. त्याला काही नाही. फोनवर ढसाढसा रडला. मलाही खूप आनंद झाला, खरंच झाला. मग म्हणाला, "आता तू चल." म्हटलं, जत्रा होऊ दे. दुपारी आरशात कान बघितले. आईचेच आहेत. बराच वेळ बघितले.

१९ मे. पुणे. जत्रेनंतर रक्त दिलं होतं, माझा रिपोर्ट आला. आजार आहे. बाईंनी विचारलं, पाय कधीपासून? म्हटलं, आत्ताच. हिरा म्हणाली, "न्हाई बाई, गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून." इंजेक्शन सुरू करणार. पुढचं थांबेल, बहुतेक. मग बाई म्हणाल्या, डोळे मिटा, सुई टोचली की हो म्हणा.

मी नीट लक्ष देऊन बसलो. हिराच्या हुंदक्याचा आवाज आला. बाई काहीच करेनात, म्हणून विचारलं, सुरू कधी करताय?

म्हणाल्या, दोन्ही पायांचं झालं.