तूट की टूट?

मंगळवार, संध्याकाळी, परदेशीपुरा

आज बाबांनी टीव्हीचा रिमोट माझ्या हातात दिला! आमच्या घरात, जिथे तो बाबांच्या हातून सुटत नाही!

टीव्हीवर देशाच्या कर्जावरून भांडण चालू होतं, आणि घरातही तेच. बाबा म्हणत होते, कर्ज काकाच्या पार्टीनं केलं. काका म्हणत होता, बाबांच्या.

"घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. सांग, दोषी कोण?" बाबांनी विचारलं.

मी गंभीरपणे म्हणाले, "तूट दोन्ही पार्ट्यांच्या राज्यात झाली."

काका खूश. मोठ्या भावाला, म्हणजे बाबांना म्हणाला, "सुना भिया? आमदार इकडून तिकडे पळतात, टूट तर होणारच!" बाबांनीही मान डोलावली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच दोघांचं एकमत, तेही भलत्याच शब्दावर, हिंदीतल्या 'टूट'वर!

गप्प राहावं का? मोह झाला. पण मग शिकले कशाला?

"काका, पार्टी तुटणं नाही. तूट म्हणजे घाटा. सरकारची कमाई कमी, खर्च जास्त. म्हणून कर्ज."

"अरे, मग तर दोष भियाच्याच पार्टीचा!" पुन्हा सुरू.

तेव्हा बाबांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट मला दिला. "आता ही बोलेल. आपण जास्त बोललो, तर आपला आवाज बंद करेल."

कोणाच्या राज्यात किती तूट, आणि का, ते उद्या दाखवायचं कबूल केलंय. दोघांनाही आवडणार नाही बहुतेक.

रिमोट अजून माझ्याच टेबलावर आहे. कोणी मागितला नाही.