ठिकाण ४ चं पाणी

४ नोव्हें.
पेट्या आल्या एकदाच्या. वर मोठ्या अक्षरात ‘समुद्राचे पाणी, उभे ठेवा’. सरांच्या प्रकल्पाचा किनाऱ्याचा भाग संपला, उरलेलं सामान नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे मला. म्हसावदला घरी उतरवल्या तर आई: “समुद्र म्हसावदले उना का वं?” तिला समजावलं. पाण्यात जो जीव राहतो त्याच्या अंगाचा काही ना काही अंश पाण्यात सुटतो, खवला, लाळ, घाण. बाटलीभर पाणी गाळायचं, गाळणीचा कागद पुण्याच्या लॅबला पाठवायचा, ते सांगतात पाण्यात कोण कोण आहे. आई म्हणे, “मंग लोके जायं कसाले टाकतस?” जाळ्याच्या प्रश्नाला एम.एस्सी.त उत्तर नाही. उद्या धडगाव, भाड्याची खोली.

६ नोव्हें.
होडीवाले सायसिंगदादा. पन्नाशीचे. माझ्याशी मराठी, घरात पावरी. जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली, नवं घर काठावरच्या टेकडीवर. सहा ठिकाणं घ्यायची. दादा नकाशाकडे बघतही नाहीत. “हे शाळेवर आलो. हे चिंचेवर.” खाली नुसतं हिरवं पाणी.
ठि. ४ त्यांच्या जुन्या घरावर. तिथे इंजिन बंद, वल्ह्यानं गेलो. का? “घरावरून आवाज करत कोणी जातं का, ताई?” मी हसले. ते नाही हसले.
इतर ठिकाणी पाणी गाळायला अर्धा अर्धा तास, शेवाळ अडकतं, दंड भरून येतात. ठि. ४ चं सरसर उतरलं. काही अडकलंच नाही. बरं वाटलं तेव्हा.

३० नोव्हें.
निकाल. पाच ठिकाणी मासे, बेडूक, बगळे, शेळ्या. ठि. ४ ला एकही मासा नाही. फक्त माणूस.
सरांचा फोन. “हातमोजे घातले होतेस का? माणूस निघाला म्हणजे तुझी थुंकी.” इतका अपमान झाला की जेवले नाही. मोजे घातले होते.

५ डिसें.
दुसरी फेरी. दुहेरी मोजे, मास्क, केस टोपीत. शिवाय कोरी बाटली: पुण्याहून आलेलं शुद्ध पाणी तिथेच उघडायचं, तिथेच गाळायचं. माझ्याकडून काही गेलं तर त्यातही दिसेल. बघूच.
दादांनी विचारलं, पाण्यात माणूस असला तर कळतो? कळतो, पण ती ओळ आम्ही खोडतो. का? माणूस सगळीकडेच असतो म्हणून. परतताना दादांनी आपणहून सांगितलं. मुलगी, सविता. एकोणीस वर्षांची. दोन वर्षांमागे काठी गावच्या होळीला निघालेली होडी उलटली, ठि. ४ पासून हाकेच्या अंतरावर. बाकीचे निघाले, ती नाही. बायको, ठुमलीबाई, म्हणते पोरगी त्या होडीत चढलीच नव्हती. गुजरातला ऊसतोडीला गेली, येईल. अंग मिळालं नाही आणि बायको ऐकत नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाचं जे करायचं ते काहीच केलेलं नाही. “दोन वर्षं ती ना घरात ना बाहेर, ताई.”
मी मूर्खासारखी म्हणाले, अंश पाण्यात फार दिवस टिकत नाही.
“तळाला गाळ हाय ना. गाळात टिकत असेल.”
टिकतो. हे मी सांगितलं नाही.

२७ डिसें.
कोरी बाटली स्वच्छ. ठि. ४ पुन्हा तेच. मासा नाही. माणूस.
सर म्हणाले, “विचित्र आहे.” सर कधी असं म्हणत नाहीत.

९ जाने.
तिसरी फेरी. पकडलं!
ठि. ४ ला चिठ्ठीवर तारीख लिहीत होते. मान वर केली तर दादा रिकामी बाटली तोंडाशी धरून आत बोलत होते. हळू, लांबवून. सविता. मग माझ्यापुढे धरली, नेहमीसारखी.
डोकं फिरलं. दोन महिन्यांची मेहनत, वर सरांची बोलणी. भर पाण्यात ओरडले. ते शांत. “कोणाच्या दारी गेलं तर आधी हाक मारायची. हाक न मारता आत जातो तो चोर. तुमची बाटली आत जाते ना.” पहिल्या दिवसापासून, दर फेरीला. मग कोऱ्या बाटलीत का नाही? “ती कोणाकडे जाते?”
माझ्या घरी पाहुणा ओट्यावरून खाकरतो, इथे हाक मारतात, एवढाच फरक.
परतताना मात्र हायसं वाटलं. थुंकी त्यांची. मानगुटीवरचं भूत उतरलं. फक्त तिथे मासे का नाहीत, हे त्यांच्या हाकेनं सुटत नाही.

१० जाने.
खात्री करायला दादांच्या गालातून कापसाची काडी फिरवून घेतली, माझ्याही. सरांना विचारलं नाही. माणसाचं काही तपासायची आम्हाला परवानगीच नाही. लॅबमधली मैत्रीण अर्चना, तिला गळ घातली.

२ फेब्रु.
अर्चनाचा फोन. तिन्ही फेऱ्यांत दादा आहेत, ठीक. पण आणखी एक आहे. मी नाही. दर वेळी तेच एक माणूस.
“तपासला तो भाग आईकडूनच येतो,” ती म्हणाली, “बापाचा मुलीत नसतोच. आईची काडी पाठव, दहा दिवसांत सांगते.”
फोन ठेवला आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या हंड्याकडे बघवेना. दिवसाढवळ्या. झाकण घातलं त्यावर. स्वतःचीच लाज वाटली, पण घातलं.
आणि जुळलं तरी काय? दादा रोज ठुमलीबाईच्या हातची भाकर होडीत खातात. तिचा अंश त्यांच्या बोटांना असणारच, तोच बाटलीत. मासे नसण्याला काही उत्तर नाही, याला निदान आहे. सायंकाळी दादांना हे सगळं नीट सांगितलं. ‘आईची काडी’ एवढंच ऐकलं त्यांनी.

८ फेब्रु.
टेकडीवर गेले. ठुमलीबाई मका सोलत होत्या. मोडक्या मराठीत, माझ्याकडे न बघता: “पोरगी गुजरातला हाय.” मी हो म्हटलं. कसली साडी नेली, कोणती पिशवी, कोणासोबत, सगळं सांगितलं. मी सगळ्याला हो म्हटलं. दादा अंगणात. मध्येच दादा काही बोलले पावरीत, ठुमलीबाई मका सोलत राहिल्या.
उठले. नको असेल तर नको, म्हटलं. आणि मनापासून म्हटलं. तर मनगट धरलं माझं. खाली बसवलं. तोंड उघडलं.
गालातून फिरवली.
काडी नळीत घातल्यावर दाराकडे पाठ करून, अगदी हळू: “नाही जुळलं तर मला सांग. जुळलं तर त्याला सांग. मला नको.”
बरं म्हटलं. अर्धी टेकडी उतरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. मी गप्प बसले की तिला कळणार. मी कबूल तरी काय केलं?

१२ फेब्रु.
पाकीट गेलं. चार दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग पाठवलं, हे इथे तरी लिहावं. हरवलं म्हणता आलं असतं.

२१ फेब्रु.
सकाळी अर्चनाचा मेल. उघडला नाही. आज चौथी फेरी, ठुमलीबाई दिसणार. मलाच ठाऊक नसेल तर तोंडावर काय दिसणार, असा माझा शहाणपणा.
काठावर दादा होडीतलं पाणी उपसत होते. वर ती अंगणात उभी. मी खालूनच हात केला, नेहमी करते तसाच. तिनं कपाळावर तळवा धरून बराच वेळ पाहिलं. मग आत गेली. छपरातून धूर निघत होता. थोड्या वेळानं तो थांबला.
दादा डबा हातात धरून वरच बघत राहिले.
“सांगितलं तिला?”
“मीच वाचलं नाही अजून.”
“मग चूल का विझवली तिनं?”
ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही. आमच्याकडेही नाही पेटत.
होडी सोडलीच नाही. दादा वर गेले, धावत नाही, सावकाश. मी कोरड्या बाटल्या पेटीत भरून धडगावला परत. मेल अजून तसाच आहे.