राऊटर मशीन, तुटकी बिटं आणि अर्धवट पाटी यांची विल्हेवाट

मी, महारुद्र तात्याराव गिराम, वय बावीस, राहणार झरी, ता. जि. परभणी, लिहून ठेवतो की सोमवारी परभणीत माझं मुतखड्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ आहे तर 'काही बरंवाईट झाल्यास' या कागदावर सही कशाला घेतली? माझं डोकं गरम आहे, पण ठिकाणावर आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धाक घालणारे घरात पुष्कळ आहेत, पण हे मी त्यांना न विचारता लिहितोय.

कलम १. मागच्या खोलीतली सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारी मशीन, ही माझी स्वकष्टाची मालमत्ता आहे. फ्रेम मी जोडली, मोटारी मी बसवल्या. शंभर मिलिमीटर जा म्हटलं की शंभरच जावी, कमी नाही, जास्त नाही, यासाठी पट्टी लावायची, आकडा बदलायचा, परत पट्टी लावायची. यात अख्खा उन्हाळा गेला. तेव्हा वडील दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "कॉलेज सोडून पोरगं लाकूड मोजायलंय. सुतार तरी झालं असतं!" सबब वडिलांना मशीनचा एक नटही मिळणार नाही. त्यांना माझी मोटारसायकल द्यावी. तिचा मागचा ब्रेक लागत नाही, हे आईनं त्यांना आधी सांगावं.

कलम २. आमचे दाजी नागेशराव यांना सगळी तुटलेली बिटं, म्हणजे मशीनची कोरायची पाती, डब्यासकट. ती त्यांनीच तोडलेली आहेत. मी चहाला गेलो आणि यांनी "जरा पळवून तर बघू" म्हणून वेगाचा आकडा वाढवला. सागवानात बिट मोडलं, तर वर मलाच म्हणाले, "मेहुणे, हे डबडं विका आन् म्हैस घ्या. दूध तरी देईल." दाजींनी माझ्या तेराव्याला जेवून जावं. मशीनच्या खोलीत पाय ठेवू नये.

कलम ३. कॉलेजला काही नाही. त्यांनी मला जे दिलं तेच.

कलम ४. समोरच्या घरातले दिनकरराव दुधाटे यांनी मुलीच्या लग्नाच्या मांडवासाठी लाकडी पाटी माझ्याकडूनच कोरून मागितली. "घरचाच हायस, जरा झ्याक कर." त्यांची मुलगी राजेश्री. नवरदेव लातूरचे गोपाळराव, त्यांचा पगार सगळ्या गल्लीला पाठ आहे. पाटीवर राजेश्री अख्खी उमटली. गोपाळचा 'गो' झाला आणि लाईट गेली. लाईट आल्यावर मशीनला आपण कुठं होतो ते कळत नाही, शून्य, म्हणजे सुरुवातीची जागा, परत द्यावं लागतं. मी दिलं नाही. मुद्दाम. उरलेला 'पाळ' कोपऱ्यात तिरका जाऊन बसलाय. ही पाटी आहे तशी नवरदेवाला आहेर म्हणून द्यावी.

कलम ५. मशीन राजेश्रीला द्यावी. ती माझ्याच वर्गात होती. तिनं कॉलेज पुरं केलं. मशीन मधेच बंद पडायची, संगणक तिला ओळखच द्यायचा नाही. मी महिनाभर तारा बदलल्या, शिव्या दिल्या. हिनं बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाली, "तुमच्या घराला अर्थिंगच न्हाई. मशीनला काय शिव्या द्यायलास?" अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं, सळई गाडली, मशीन सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी तीच टाकते. बिट लाकडाला कुठं टेकतं हे बघायला खाली कागद धरून ओढतात. कागद अडकला की ते शून्य. कागद ती धरायची. तिच्याइतकं ते कुणालाच जमत नाही, मलासुद्धा.

दुरुस्ती. साक्षीला निवृत्त तलाठी किशनराव यांना बोलावलं. दुसरा साक्षीदार मिळेना, तेव्हा ते समोरून राजेश्रीलाच घेऊन आले. तिनं उभ्यानं सगळं वाचलं.

"मी मेल्यावर मशीन तुझी," मी म्हणालो.

"जिता असताना एकदा तरी कायी विचारलंस का मला? मेल्यावर देणारा लय मोठा आलाय!" मग किशनरावांकडे वळून, "काका, साक्षीदाराला वाटा मिळतो का?"

"आपल्यात तसं करत न्हाईत, बाई. सही करायची तर हक्क सोडायचा."

"मग आणा पेन."

सबब कलम ५ रद्द. मशीन तूर्त कुणाचीच नाही. दिनकररावांना जाऊन आमच्या लग्नाचं विचारतो म्हटलं, तर किशनराव म्हणाले, "अरे येड्या, आधी तिला इचार." ती अजून बाजेवर बसलीय, माझ्याकडं बघत नाही. हे लिहून झालं की विचारतो.

लिहून देणार: महारुद्र तात्याराव गिराम

साक्षीदार:
१. किशनराव भरोसे, निवृत्त तलाठी. वरची खाडाखोड माझ्यासमोर झाली.
२. राजेश्री दिनकरराव दुधाटे. सही केली. आता पेन ठेव.

ठिकाण: झरी
शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५