साडेतीन महिने

ताई,

काल तू शेजारणीला कौतुकाने सांगत होतीस, "माझ्या भावामुळे यांच्या फंडातला टॅक्स वाचला." मी कप विसळायच्या निमित्ताने आत निघून गेलो.

डॉक्टरांनी दाजींना घरी बसायला सांगितलं, तेव्हा नोकरीला पाच वर्षं व्हायला साडेतीन महिने बाकी होते. मीच म्हटलं, "आत्ता फंड काढलात तर टॅक्स कापतील. थोडी कळ काढा." ते हसून म्हणाले, "तू म्हणतोस तर काढतो." मग जिन्यात दोनदा टेकत छापखान्यात जात राहिले.

आज त्यांचे कागद आणायला फंडाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "एवढे आजारी होते, तर नोकरी आधीच का नाही सोडली? आजारपणामुळे नोकरी सुटली तर पाच वर्षांची अट नसते. डॉक्टरांचा दाखला पुरतो."

मला हे माहीत नव्हतं गं. आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

नोकरी सोडल्यावर त्यांना तुझ्याजवळ अठराच दिवस मिळाले. हे पत्र मी फाडून टाकीन. उद्या तू पुन्हा माझं कौतुक करशील, आणि मी मान खाली घालून ऐकेन.

तुझा हुशार भाऊ