वादळचा डुप्लिकेट

९ जानेवारी

मन्याने स्वतःचा दात कानशीने घासला!

चांगला धडधाकट, पुढचा दात. वर्कशॉपमधून कानस आणली, मोरीत आरसा टेकवला आणि घासत बसला. मला वाटलं, नळ दुरुस्त करतोय. बाहेर आला तेव्हा ओठ रक्ताने माखलेला आणि चेहरा मात्र वर्गात पहिला आल्यासारखा.

वादळचा पुढचा दात तसा आहे ना — कोपरा उडालेला, तिरका. लहानपणी जिन्यावरून पडला होता म्हणे. त्या दातानिशी तो पडद्यावर हसला की थिएटरात शिट्ट्या. आमचे चिरंजीव कधी जिन्यावरून पडले नाहीत, म्हणून कानस.

आई रडली. बाबा बसची ड्यूटी संपवून आले, त्यांनी पाहिलं, काढलेले बूट परत पायात घातले आणि बाहेर गेले.

मला म्हणतो, "ताई, आता हसतो. नीट बघ हं."

हसला. हुबेहूब! तेच तर वाईट आहे.

११ जानेवारी

कुठून सुरू झालं हे? गेल्या वर्षी चहावाल्याने हाक मारली, "काय वादळशेठ, आज पायी पायी?" सगळे हसले, मन्याही हसला. मग वर्कशॉपमधल्या कुणीतरी व्हिडिओ काढला — मन्या लेथ मशीनवर काम करतोय आणि मागे वादळचं गाणं. लाखो लोकांनी पाहिला. मन्या त्या दिवशी जेवला नाही. नुसता आकडा वाढताना बघत बसला.

एकोणीस वर्षांचं पोर. घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारं. दहावीच्या वर्गाचा फोटो त्याने एकदा बाईंना दाखवला, तर बाई म्हणाल्या होत्या, "हा कडेचा कोण रे?" तो कडेचा म्हणजे मन्याच. घरी येऊन त्याने ते हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

आता रस्त्यात पोरी थांबून फोटो काढतात. कोण कशाला परत कडेला उभं राहील?

२८ जानेवारी

आमच्या चष्म्याच्या दुकानात कॉलेजातले तिघं आले. पिवळ्या काचांचा चष्मा हवा, वादळ घालतो तसा.

"नंबर?"

"नंबर कसला हो, स्टाईल!"

तरी तपासले. एकाला खरंच नंबर निघाला, चांगला पावणेदोनचा. म्हणाला, "नंबरची काच नको, जाड दिसते. साधीच टाका." म्हणजे आपल्याला समोरचं नाही दिसलं तरी चालेल, समोरच्याला आपण दिसलो पाहिजे!

मालक खूष. पिवळ्या काचा पुरत नाहीत. "तुझ्या भावाला एक दिवस दारात उभा कर की." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

५ फेब्रुवारी

मेस्त्री घरी आले होते. मन्या बरेच दिवस वर्कशॉपला फिरकलेला नाही. खुर्चीच्या अगदी टोकाला बसले, चहा तसाच थंड होऊ दिला.

"हात फार चांगला आहे हो पोराचा. असा हात शिकवून येत नाही. मी जागा भरत नाहीये. मनात येईल तेव्हा येऊ दे."

मन्या आत कानात इयरफोनची बोंडं खुपसून पडलेला. ते गेल्यावर मी झापलं. माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, लेथवर मला कोण बघणार?"



२१ फेब्रुवारी

एजंट येऊन गेला. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं — सगळीकडे नकली नट पुरवतो. कडक इस्त्री, दोन फोन. त्याच्याकडे आधीच तीन वादळ आहेत!

मन्याची हनुवटी धरून त्याने तोंड उजेडाकडे वळवलं. मी गिऱ्हाइकांचं वळवते तसंच. पण मी आधी "जरा बघू हं" म्हणते.

"दात फर्स्टक्लास. उंचीला टाच लावू. पण नाक... हे नाक काही चालायचं नाही."

ते नाक बाबांचं आहे. माझंही तेच. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांचा हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला. मग एकदम खाली आला, कुणी पाहिलं की काय म्हणून.

मी पाहिलं.

१८ मार्च

केलं. आम्हाला न सांगता. एजंटच्या ओळखीच्या कुठल्याशा क्लिनिकात. दोन्ही डोळे काळेनिळे, मधे पांढरी पट्टी, तोंडाने श्वास घेतोय. "दुखतंय का रे?" तर अंगठा वर केला. वादळ करतो तसा.

२ एप्रिल

पट्टी निघाली.

माणूस आत आला की आधी त्याचं नाक बघायचं, फ्रेम कुठे टेकेल ते — माझं कामच ते. या नाकावर चष्मा टेकायचा नाही, घसरेल. वादळसारखंही नाही ते. आणि मन्याचं तर नाहीच. कुणाचंच नाही.

"छान झालंय हो," आई म्हणाली आणि पाठ फिरवून घासलेलीच भांडी परत घासायला लागली.

संध्याकाळी बोलण्याच्या नादात आईने भाजी करपवली. घरभर वास. मी खिडक्या उघडल्या, बाबांनी ताट सरकवलं. मन्या आपला खातोय. आम्ही सगळे त्याच्याकडे का बघतोय, हे त्याला कळेना.

त्याला वासच येत नाही.

२५ एप्रिल

मोठं काम मिळालं. ताकदीचं कसलंसं पेय आहे. जाहिरातीत खरा वादळ ते घटाघट पितो आणि भिंत फोडतो. तो टीव्हीवर, आमचा मन्या गाडीवर! उघडी गाडी शाळांसमोर, मैदानांसमोर थांबते, गाणी लागतात आणि मन्या फुकट बाटल्या वाटतो.

आज गाडी आमच्या दुकानासमोर आली. पोरांची ही झुंबड! समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा नातू सगळ्यांत पुढे. गोलकीपरचे हातमोजे न काढताच मैदानातून धावत आलेला. मन्याने त्याच्या हातात बाटली दिली, खांद्यावर थाप मारली, "भिंत फोडणार ना?" पोरगं ओरडलं, "फोडणार!" घड्याळजी डोळ्याचं भिंग वर करून कौतुकाने बघत होते.

मन्या खूष होता. इतका खूष मी त्याला कधी पाहिला नव्हता. आणि खोटं कशाला लिहू — मला अभिमान वाटला. मालकांना मी सांगितलं, "तो माझा भाऊ."

७ मे

खरा वादळ गावात आला होता, कंपनीच्या कार्यक्रमाला. चारही डुप्लिकेट दुपारभर उन्हात गेटपाशी उभे. गाडी आली, गेली. काच खाली झाली नाही.

"पण आतून हात हलवला, ताई! माझ्याकडे बघून!"

काच काळी होती, असं आईला एजंटच्या ड्रायव्हरने सांगितलं.

१९ मे

घड्याळजींचा नातू गाडी येईल तिथे सायकलने जातो. दिवसाला चार-पाच बाटल्या. घड्याळजी सांगत होते, "जेवत नाही लेकाचा, म्हणतो वादळ पण जेवत नाही." हसत होते.

मी मन्याला म्हटलं, त्याला जरा आवर. तर म्हणाला, "माझा फॅन आहे तो." वादळचा नाही — माझा!

३० मे

पोरं आजारी पडतायत. आधी उलट्या, मग अंगावर सूज. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं. सगळी मैदानावर खेळणारी, सगळी तीच बाटली पिणारी. कंपनी म्हणते, संबंध नाही. गाडी बंद झाली.

समोरचं घड्याळाचं दुकान आज उघडलं नाही.

२ जून

घड्याळजींचा नातू गेला.

संध्याकाळी वादळ टीव्हीवर आला. "मी फक्त चेहरा दिला. आत काय घालतात, ते मला कसं कळणार?" आणि शूटिंगला म्हणून परदेशी गेला. लोकांनी त्याची पोस्टरं फाडली, जाळली.

मन्याने सगळं पाहिलं. मी विचारलं, "बाटलीत काय आहे, हे तू तरी कधी विचारलंस का रे?"

"तो स्वतः पितो ना, ताई! जाहिरातीत पिताना दाखवलाय."

मी कात्री आणली. म्हटलं, केस काप, ते कपडे काढ, चार दिवस घराबाहेर पडू नकोस. लोकांचं डोकं ठिकाणावर नाही.

"केस कापले तर मी कसा दिसेन?"

"तुझ्यासारखा."

मी शिवी दिल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

३ जून

घड्याळजींकडे भेटायला गेले. आत बसून राहिले. त्यांनी मला ओळख दिली नाही. निघताना सुनेने दार लावून घेतलं. माझ्या पाठीशीच, जोरात.

५ जून

मन्याला मारलं. भाजीबाजारात. सकाळी तोच गॉगल, तेच जाकीट घालून गेला होता. का गेला? कशाला गेला? मी दुकानात एका म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्याची दांडी सरळ करत होते, तेव्हा फोन आला.



६ जून

हॉस्पिटल. जबडा, बरगड्या, डाव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही. नाक नव्याने मोडलंय.

पोलिसाने वहीत लिहिलं होतं — "वादळचा डुप्लिकेट". बाबा म्हणाले, "नाव लिहा." आणि मन्याचं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. पोलीस म्हणाला, "हो हो, कळलं." पण खोडून परत लिहीपर्यंत बाबा तिथून हलले नाहीत.

मेस्त्री येऊन गेले. मन्याचा उजवा हात उचलून बोटं एकेक करून तपासली आणि परत चादरीवर ठेवला. तो हात तेवढा शाबूत आहे.

८ जून

आई आता पोलिसांना, नर्सला, दिसेल त्याला एकच सांगते, "गैरसमज झाला हो. लोकांना वाटलं, खराच वादळ आहे." मीही तेच धरून होते. गर्दी, राग, गॉगल — चुकले लोक. चूक झाली म्हटलं की जरा श्वास घेता येतो.

आज बाजारातला फळवाला भेटायला आला, चार संत्री घेऊन. त्यानेच मन्याला ओढून हातगाडीखाली घातलं होतं. जिन्यात मला बाजूला घेतलं.

"ताई, मी ओरडत होतो. म्हटलं सोडा, हा तो नव्हे, हा आपला बसवाल्यांचा मुलगा! तर घड्याळजी मागे उभे होते. त्यांनी हात नाही लावला, देवाशपथ. नुसते उभे. मला म्हणाले, 'ठाऊक आहे. मन्याच आहे तो. बाटली ह्यानेच दिली.' ते ऐकलं आणि पोरं जास्तच चवताळली."

म्हणजे कुणी चुकलं नाही. सगळ्यांनी त्याला बरोबर ओळखलं होतं.

मी संत्री घेऊन तिथेच पायरीवर बसले. आईला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

१० जून

एजंटचा फोन लागत नाही. त्याचं ऑफिस उघडं आहे म्हणतात — दुसरा कुठलासा नवा नट वर आलाय, त्याच्यासारखी दिसणारी पोरं रांग लावून आहेत.

दुकानात पिवळ्या काचा पडून. मालकांनी त्या एका खोक्यात भरायला सांगितल्या. भरल्या.

१२ जून

आज मन्या बोलला. जबड्याला तारा, त्यामुळे शब्द तुटक. कान अगदी तोंडाशी न्यावा लागला.

"ताई... त्यांना... खरंच वाटलं ना? मीच तो?"

उघडा होता तो एक डोळा असा काही लकाकत होता!

मी म्हटलं, "हो रे."